उत्तरेच्या भिंतीतलं मीठ

"हे कुणी लिहिलंय?" दिगिन सातेनिगनी विचारलं.

चर्चच्या दारावर चिकटवलेला कागद त्या काठीच्या टोकाने दाखवत होत्या. सोमवारची सकाळ होती. नऊसुद्धा वाजले नव्हते, पण तटबंदीचे दगड तापायला लागले होते. कागदावर एकच मजकूर तीन भाषांत होता: उत्तरेच्या भिंतीत जमिनीतून खारं पाणी चढत असल्याचं तपासणीत आढळलं आहे, शुक्रवारपासून इमारतीभोवती चर खणला जाईल, पुढची सूचना मिळेपर्यंत चर्च बंद राहील.

"सही डॉक्टर ओर्नेलांची आहे," मी म्हणाले.

"सही कुणाची ते नाही विचारलं. तपासणी कुणी केली?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे आमचा रविवार तू घेतलास."

दिगिन म्हणजे आर्मेनियन भाषेत बाई. सातेनिगबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या आणि सायप्रस बेटाच्या दक्षिण भागात, लार्नाकाला राहायच्या. त्यांचा बाप्तिस्मा मात्र इथे, फामागुस्ताच्या जुन्या तटबंदीच्या आत, सूर्ब हागोप नावाच्या या लहानशा चर्चमध्ये झाला होता. आत पन्नास माणसं उभी राहिली तर एकावन्नावं बाहेर, एवढंच चर्च. आर्मेनियन लोक हे शहर सोडून गेल्यापासून तिथे प्रार्थना झाली नव्हती. फाळणी झालेल्या या बेटाच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांना तीन वर्षं पत्रं लिहून सातेनिगबाईंनी एका दिवसाची परवानगी मिळवली होती. ऑगस्टमधला, द्राक्षांना आशीर्वाद देण्याच्या सणाचा रविवार. तो सहा दिवसांवर आला होता.

"इथे बाप्तिस्मा झालेले आम्ही अकरा जण उरलोय," त्या म्हणाल्या. "चर खणून, भिंत वाळवून तुमचं काम संपेल तेव्हा किती असू? मोजून सांग. मोजण्यात तू हुशार दिसतेस."

मी चोवीस वर्षांची होते. पुण्यात रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून सहा महिन्यांच्या कामावर आले होते. काम साधं होतं. भिंतीला बोटाएवढं भोक पाडायचं, पडलेली दगडाची पूड बाटलीत भरायची, पाण्यात ढवळायची आणि त्या पाण्यात कोणते क्षार किती आहेत ते मोजायचं. उत्तरेच्या भिंतीवर अडीच मीटरच्या पट्ट्यात दगड भुग्यासारखा झडत होता आणि तिथे मीठ भरपूर सापडलं होतं. मी आलेख काढला, अहवाल लिहिला. ओर्नेला फाब्री, आमच्या प्रमुख, कडक बाई. तीस वर्षं जुन्या इमारती दुरुस्त करण्यात घालवलेल्या. त्यांनी अहवाल वाचून "स्वच्छ काम" एवढंच म्हटलं होतं. त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर हवेत होते.

सातेनिगबाईंनी आवारातल्या अंजिराच्या झाडाखाली घडीची खुर्ची उघडली आणि त्या बसल्या.

"काय करताय?" मी विचारलं.

"बसलेय. चर खणायला येतील तेव्हा खुर्चीसकट उचलावं लागेल."

रमादान उस्ता, आमचे गवंडी, तोबरा भरल्यासारखे गाल फुगवून हसू दाबत होते. ते तुर्की सायप्रियट होते, लंडनमध्ये बारा वर्षं काढलेले. उस्ता म्हणजे कसबी कारागीर. चर त्यांनाच खणायचा होता. "दिगिन, मी तुमच्या खुर्चीखालूनच सुरुवात करीन," ते म्हणाले. "सावली तिथेच आहे."

"कर. तुझ्या आजीला मी काय सांगायचं ते वर गेल्यावर बघू."

दोघांचं हे असं रोज चालायचं.

त्या संध्याकाळी साडेपाचला नेहमीसारखा आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. आमचं गाव पेणजवळ खाडीकाठी. आजोबांचा जन्म मिठागरात राबण्यात गेला, आबांचाही अर्धा गेला. हे मी पुण्यात कुणाला सांगितलं नव्हतं, इथेही नाही. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी "व्यवसाय" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

"आवाज उतरलाय गो बाय तुझा," आबा म्हणाले.

मी सांगितलं. भिंत, मीठ, म्हातारीचा रविवार. आबा मन लावून ऐकत होते, कारण विषय मिठाचा होता.

"मीठ भितीला कुठवर चढलंय?"

"कमरेपर्यंत. त्याच्यावर एकदम नाही."

"न् रुंदीला?"

"अडीच मीटर. दोन्ही बाजूंना कापल्यासारखं थांबतं."

"खाली? जमिनीला लागून?"

खालचे नमुने मी घेतलेच नव्हते. भिंतीच्या पायाशी परांचीच्या फळ्यांचा ढीग होता आणि पद्धतीप्रमाणे पहिला नमुना अर्ध्या मीटरवर घेतला तर चालतो. पाणी जमिनीतून चढतं, म्हणजे खाली मीठ असणारच, असं धरून मी आलेखातली रेघ टिंबाटिंबांनी जमिनीपर्यंत ओढली होती.

"बगितलंच नाय ना?" आबा म्हणाले. "अगो, पानी चढलं तर रुंदीला कापल्यावानी थांबंल कसं? गोनी टेकवून ठेवल्यान कुनीतरी. ओल्या मिठाच्या गोनी. आपल्या जुन्या घराची गोनींकडची भित आठव. तुमच्या मशिनीला येवरं पन नाय कललं?"

"मशीनला कळलं होतं, आबा," मी म्हणाले. "मला नाही."

कारण आता एक एक गोष्ट आठवायला लागली होती. जमिनीतलं पाणी चढतं तेव्हा ते एकटं मीठ आणत नाही. मोरीचा, मातीचा, जनावरांच्या गोठ्याचा नायट्रेट आणतं, सल्फेट आणतं. माझ्या नमुन्यांत नायट्रेट जवळजवळ शून्य होता. तो आकडा पाहून मी उपकरण पुन्हा जुळवलं होतं, आकड्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मंगळवारी उजाडताच मी उस्तांना फळ्यांचा ढीग हलवायला सांगितलं.

"अहवाल झाला म्हणालीस ना?"

"झाला. चुकलाय बहुतेक."

त्यांनी कान टवकारले. "हे वाक्य मी या कामावर पहिल्यांदा ऐकतोय," ते म्हणाले आणि फळ्या उचलायला लागले.

मी दर दहा सेंटिमीटरवर भोकं पाडली. जमिनीपासून दहावर: मीठ नाही. विसावर: नाही. तिसावर एकदम भरपूर, आणि तिथून कमरेपर्यंत भरपूर. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काही नाही. आतल्या अंगाने भिंतीत खोल जावं तसं कमी. मीठ जमिनीतून आलं नव्हतं. चर्चच्या आतल्या बाजूने भिंतीत शिरलं होतं. म्हणजे चराची गरज नव्हती. भिंतीला लेप लावून मीठ काढलं की झालं, आणि ते काम रविवारनंतरही होण्यासारखं होतं.

ओर्नेलांनी नवे आकडे पाहिले. त्यांचा चेहरा हलला नाही.

"खालच्या वीस सेंटिमीटरमध्ये मीठ का नाही?" त्यांनी विचारलं.

"पोती फळ्यांवर ठेवली असतील. जमिनीची ओल लागू नये म्हणून. आमच्याकडे तसंच करतात."

"तुमच्याकडे कुठे?"

"भारतात," मी म्हणाले. तेव्हाही एवढंच म्हणाले.

"दर्शना, चर दोन्ही बाजूंच्या समितीने मंजूर केलाय, तुझ्या अहवालावरून. गुरुवारी दोघे सदस्य इथे येताहेत. तू त्यांना सांगणार की आधीचा अहवाल चुकला, आता हा धरा. ते विचारतील, चर्चमध्ये मिठाची पोती कोण ठेवतं? 'असतील' हे उत्तर चालणार नाही. मला कुणीतरी पोती पाहिलेला माणूस दे. नाहीतर शुक्रवारी चर."

पोती पाहिलेला माणूस कोण असणार? मी अंजिराच्या झाडाखाली गेले. सातेनिगबाई स्वेटर विणत होत्या, त्या उन्हात.

"दिगिन, तुमच्या लहानपणी चर्चमध्ये मीठ ठेवायचे का?"

सुया थांबल्या. "कशाला?"

"भिंतीतलं मीठ पोत्यांतून आलेलं दिसतंय. तसं असेल तर चर नको, रविवार होईल. फक्त कुणीतरी सांगायला हवं."

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांनी विणकाम गुंडाळलं.

"आधी म्हणालात पाण्याने भिंत खाल्ली. आता म्हणता आम्ही खाल्ली. आमच्याच लोकांनी आमचं देऊळ नासवलं, असं मी तुमच्या साहेबांसमोर सांगू?"

"तसं नाही..."

"मीठबीठ मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "जा, भोकं पाड."

मी परत आले तर उस्ता दारात उभे होते. "तिला आठवत नाही?" ते हळूच म्हणाले. "या बाईला १९४८ साली माझ्या आजीने उसना नेलेला टोप आठवतो."

बुधवारी मी पुन्हा गेले. विज्ञान समजावून सांगण्याची तयारी करून गेले होते, पण खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्यावर तोंडातून दुसरंच निघालं. मी त्यांना पेणजवळचं घर सांगितलं. पावसाळ्यात विकायचं म्हणून आजोबा ओल्या मिठाच्या गोणी घरातच रचायचे. त्या भिंतीचा गिलावा दरवर्षी पडायचा आणि आजी दरवर्षी नव्याने करायची. शाळेतल्या मैत्रिणी येणार असल्या की मी तिथे चादर टांगायचे.

"चादर कशाला?" सातेनिगबाईंनी विचारलं.

"मिठागरवाल्यांचं घर आहे हे कळू नये म्हणून."

"आणि आजोबांना ते दिसायचं?"

"दिसायचं. काही बोलायचे नाहीत."

त्यांनी सुया पुन्हा हातात घेतल्या. त्या टाके मोजत राहिल्या. मी उठून कामाला गेले.

गुरुवारी दहा वाजता समितीचे दोघे आले, एक दक्षिणेकडचे स्थापत्यकार आणि एक उत्तरेकडचे अभियंता. उभ्या उभ्याच बैठक झाली, त्या भिंतीसमोर. मी आदल्या संध्याकाळी नवे आकडे पाकिटात बंद करून ओर्नेलांच्या हाती दिले होते. ते माझ्या आणि त्यांच्याशिवाय कुणी पाहिले नव्हते. भोकं बुजवून त्यांच्यावर उस्तांनी दगडाच्या रंगाचा हात फिरवला होता. आमच्या कामात तसं करावंच लागतं, पण त्या दिवशी ते बरंच झालं.

मी सांगितलं. पहिल्या अहवालात खालच्या भागाचे नमुने न घेताच मी रेघ ओढली. नायट्रेटचा आकडा दिसत असून दुर्लक्ष केलं. निष्कर्ष चुकीचा आहे आणि चूक माझी आहे.

अभियंता सौम्य माणूस होते. "प्रामाणिकपणा समजला," ते म्हणाले. "पण जून महिन्यात तुम्ही इतक्याच खात्रीने उलट सांगत होतात. आज आम्ही का मानावं? चर्चमध्ये मिठाची पोती, हे कुणी पाहिलंय का?"

ओर्नेलांनी माझ्याकडे पाहिलं. स्थापत्यकारांनी फाइल मिटली. उस्तांनी दाराकडे तोंड करून घसा खाकरला, दोनदा.

काठीचा आवाज आला. सातेनिगबाई आत आल्या, कुणाकडे न बघता सरळ भिंतीशी गेल्या आणि झडलेल्या दगडावर त्यांनी तळवा टेकला.

"इथपासून," त्या म्हणाल्या. मग पाच पावलं चालल्या आणि दुसऱ्यांदा हात टेकला. "इथपर्यंत. सहा पोती. दरवर्षी ऑगस्टमध्ये, एकवीस वर्षं."

"कुणाची?" अभियंत्यांनी विचारलं.

"होवसेपची. माझ्या वडिलांची." त्या वळून उभ्या राहिल्या. पाठ एकदम ताठ. "तुर्कस्तानातल्या अदानाहून आठ वर्षांचे असताना एकटे आले. लार्नाकाच्या मिठाच्या तळ्यावर मजूर होते. आमच्यातले बाकीचे शिंपी, फोटोग्राफर, सोनार. चर्चमध्ये वडील मागे उभे राहायचे, दाराशी. त्यांच्या पायांना भेगा होत्या, त्यांत मीठ जायचं, बूट घालता यायचे नाहीत. पण सणाच्या दिवशी मेंढा कापून सगळ्यांचं जेवण होतं, त्याआधी मिठाला आशीर्वाद द्यावा लागतो. मिठाशिवाय ते जेवण होत नाही. तळ्यावरचे साहेब त्यांना सहा पोती न्यायला देत. ती आठवडाभर इथे राहायची, आणि त्या रविवारी पाद्री सगळ्यांच्या आधी माझ्या वडिलांना पुढे बोलवायचे. मग वर्षभराचं मीठ घरोघरी जायचं. वर्षातून एक दिवस शिंपी आणि सोनार माझ्या वडिलांच्या मागे उभे राहायचे."

त्यांनी भिंतीकडे मान केली. "ते दगड खातंय हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ही पोरगी म्हणते खातं. तर खात असेल. पण मीठ त्यांचं आहे, हे मी सांगते."

ओर्नेला पुढे झाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बोलायचं नाहीस." मग त्यांनी विचारलं, "दिगिन सातेनिग, पोती कशी ठेवायचे? जमिनीवर?"

"जमिनीवर मीठ कोण ठेवतं? खाली विटा, विटांवर फळ्या. मी फळीवर बसायचे, पाय जमिनीला टेकायचे नाहीत, एवढी लहान असताना."

"केवढ्या उंच होत्या फळ्या?"

सातेनिगबाईंनी काठी उस्तांच्या हातात दिली. गुडघ्यावर हात रोवून खाली वाकल्या, मला वाटलं पडतील, पण कुणालाही हात लावू दिला नाही. जमिनीवर अंगठा टेकवून त्यांनी वीत उभी धरली, तिच्यावर आणखी चार बोटं ठेवली. "एवढ्या."

ओर्नेलांनी टेप लावला. चोवीस सेंटिमीटर. मग खिशातून पाकीट काढून फाडलं आणि कागद समितीसमोर धरला. स्थापत्यकारांनी मोठ्याने वाचलं: दहावर नाही, विसावर नाही, तिसावर भरपूर.

अभियंत्यांनी कागद स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा वाचला. "चर रद्द," ते म्हणाले. "रविवार यांचा."

उस्ता सातेनिगबाईंना उठायला मदत करत होते. "माझं काम गेलं, दिगिन," ते म्हणाले.

"अंजिराखाली खण की. तुला कोण अडवतंय?"

बैठक संपल्यावर ओर्नेलांनी मला थांबवलं. दुरुस्त अहवालात कारण काय लिहिणार, असं विचारलं. मी म्हणाले, खालचे नमुने घेतले नव्हते असं लिहीन, खाली माझं नाव घालीन. "आणि पोत्यांची कल्पना कुणाची?"

"माझ्या वडिलांची. ते मिठागरात काम करायचे. पेणजवळ. आजोबाही."

"त्यांचं नाव काय?"

अहवालाच्या शेवटच्या पानावर, आभारांच्या जागी, आजही दोन नावं आहेत: होवसेप आणि हरिश्चंद्र घरत. आबांना मी ते पान पाठवलं. इंग्रजी त्यांना येत नाही. आपलं नाव ते अक्षरावर बोट ठेवून ओळखतात.

रविवारी बावीस माणसं आली. त्या अकरांपैकी नऊ. आत मीठ न्यायला मी बंदी घातली होती, म्हणून पाद्रींना आवारात यावं लागलं. अंजिराच्या सावलीत, एका परातीतल्या मिठाला त्यांनी आशीर्वाद दिला. कुणी कुरकुरलं की सातेनिगबाई माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "तिला विचारा. तिच्या घरात तीन पिढ्या मीठ आहे. ती सांगेल तसं करायचं." मी तिथेच उभी होते. मान खाली घातली नाही.

द्राक्षं वाटताना त्या माझ्यापाशी आल्या. "आता ते भिंतीतलं काढणार म्हणतेस. कसं?"

"कागदाचा ओला लगदा भिंतीवर थापायचा. वाळताना तो मीठ ओढून घेतो. मग खरवडायचा, दुसरा थापायचा."

"खरवडलेल्याचं काय करतात?"

"टाकून देतात."

"आशीर्वाद दिलेलं मीठ टाकत नाहीत," त्या म्हणाल्या. एवढंच. विनंती केली नाही.

लेपांचं काम ऑक्टोबर अखेरपर्यंत चाललं. प्रत्येक लेप मी बादलीत भिजवला, पाणी फडक्यातून दोनदा गाळलं. उस्तांनी मेव्हण्याच्या बेकरीतले पत्र्याचे आठ ट्रे आणून दिले. ते मी छपरावर मांडले आणि पाणी त्यांत पसरलं, दोन बोटांपेक्षा जास्त नाही. खोल ठेवलं तर मीठ गढूळ बसतं, हे आबांनी फोनवर बजावलं होतं. कडेला पांढरी साय धरली की ती लाकडी फळीने अलगद मधे ओढायची, हेही. ओर्नेला एकदा वर येऊन बघून गेल्या. हे कोणत्या पद्धतीत बसतं, असं त्यांनी विचारलं नाही.

एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम मीठ निघालं. खाण्यासारखं नव्हतं, तसं मी बरणीवर लिहिलं. माझं काम संपलं त्या दिवशी सातेनिगबाईंचा भाचा गाडी घेऊन आला आणि आम्ही लार्नाकाला निघालो. बरणी त्यांच्या मांडीवर होती. तपासणी नाक्यावर एका तरुण शिपायाने खिडकीतून आत पाहिलं.

"बरणीत काय आहे?"

"मीठ."

"दक्षिणेत मीठ मिळत नाही का, आजी?"

"मिळतं," सातेनिगबाई म्हणाल्या. "हे माझ्या वडिलांनी तिकडूनच आणलं होतं. घरी चाललंय."

त्याला काही कळलं नसावं. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, बरणीकडे पाहिलं आणि हाताने गाडी पुढे जाऊ दिली.